नऊपैकी सहा

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय टाचणी,

पाकिटावरचं अक्षर आईचं आहे आणि आतलं माझं. फसवणूक आहे, मान्य. माझ्या अक्षरातली दोन पाकिटं तू न फोडता परत पाठवलीस, म्हणून या वेळी तिला म्हटलं, "जरा पत्ता लिहून दे, चष्मा सापडत नाहीये." चष्मा माझ्या नाकावरच होता. तिने चष्म्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पत्ता लिहून दिला. तेव्हा या कटात तीही सामील आहे. रागावणार असशील तर दोघांवर निम्मं निम्मं रागव.

बातमी द्यायला लिहितोय. मी नोकरीसाठी अर्ज करतोय. त्रेपन्नाव्या वर्षी. हसून झालं की पुढे वाच.

इथल्या मोठ्या रुग्णालयाला लिफ्ट विभागाचा प्रमुख हवाय. अकरा लिफ्ट आहेत त्यांच्याकडे. जाहिरातीत अटी नऊ. मी पेन्सिल घेऊन बसलो. दहा वर्षांचा अनुभव पाहिजे, माझा सव्वीस वर्षांचा. परवाना आहे. शिडी चढण्याइतकी तब्येत आहे. वेळी-अवेळी बोलावलं तर येण्याची तयारी, तीही आहे. बिघाडांची लेखी नोंद ठेवायची सवय, ती तर तुला माहीतच आहे, तुझ्या शाळेच्या वह्यांची कोरी पानं त्यातच संपली. हाताखाली माणसं सांभाळलेली असावीत. दोन सांभाळली आहेत. तुझ्या आईला धरलं तर तीन, पण तिथे कोण कोणाच्या हाताखाली यावर एकमत नाही.

झाल्या सहा. उरल्या तीन. अभियांत्रिकीची पदविका नाही. रुग्णालयातल्या लिफ्टचा अनुभव नाही, मी जन्मभर राहत्या इमारतींच्या लिफ्ट केल्या. आणि संगणकावर अहवाल. संगणकाने आणि मी एकमेकांना लांबूनच पाहिलंय.

आई म्हणाली, "मग कशाला करताय?"

कशाला ते तुला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी बॅग हातात घेऊन जिन्यात उभी राहून तू म्हणाली होतीस, "बाबा, स्वतःला पुरती बसत नाही अशा एका तरी जागेसाठी तुम्ही कधी अर्ज केलाय? करून बघा. मग मला अक्कल शिकवा." वरच्या मजल्यावरच्या बाई दार किलकिलं करून ऐकत होत्या. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता देतोय. जरा उशीर झाला.

तुझ्या तेव्हाच्या अर्जावरून वस्तुसंग्रहालयाचा जो फोन आला, त्याबद्दल मी इतकंच म्हणेन, की त्यांनी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. दोन वर्षांचा अनुभव हवा होता, तुझा चौदा महिन्यांचा होता. मी तुझे महिने कमी केले नाहीत.

असो. गेल्या गुरुवारी आईशी फोनवर बोलताना तू म्हणालीस की त्याच वस्तुसंग्रहालयाने परत जाहिरात काढली आहे, जुन्या कापडांच्या डागडुजीचीच जागा, आठ अटी, त्यातल्या सहाच तुझ्याकडे आहेत, म्हणून "जाऊ दे". मी दाराला कान लावला नव्हता. मी दाराच्या अलीकडे बसलो होतो आणि कान जिथे असतात तिथेच होते.

"जाऊ दे" हा शब्द तुझ्या तोंडी बसत नाही गं. तो माझा आहे.

बाबा

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय टाचणी,

पाकीट परत आलं नाही. उत्तरही आलं नाही. पण परत आलं नाही हे मी उत्तरातच धरलं आहे.

अर्ज देऊन आलो. छापील अर्जात प्रत्येक अटीपुढे एक रकाना होता, "तपशील" म्हणून. सहा रकाने भरले. उरलेल्या तिन्हींत मोठ्या अक्षरात "नाही" लिहिलं. खिडकीतल्या कारकूनबाईंनी अर्ज उलटा-सुलटा करून पाहिला.

"काका, हे काय? 'नाही' कशाला लिहिलंत?"

"नाहीये म्हणून."

"अहो, नसलं की रकाना मोकळा सोडायचा असतो."

"मोकळा सोडला तर तुम्हाला वाटेल, म्हातारा भरायला विसरला."

त्या हसल्या. मग सोबत काय जोडलंय म्हणून विचारलं. मी पिशवीतून वह्या काढल्या, अकरा. त्यांनी मधलीच एक उघडली आणि वाचायला लागल्या, "चार जून. म्हातारी सकाळी घरघरते, दुपारी बरी असते. एकोणीस जून. घरघर थांबली, आता उठताना चुकचुकते." वाचून त्यांनी आवाज खाली आणला. "काका, पेशंटची वही तुमच्याकडे कशी आली?"

"पेशंट नाही हो. लिफ्ट आहे."

तुला आठवत असेल, तू सहा वर्षांची असताना मी तुला विचारायचो, "सांग बघू, ही कुरकुरते की किरकिरते?" आणि तू डोळे मिटून सांगायचीस, "कुरकुरते. किरकिरते ती शेजारची." कुरकुर म्हणजे लाकूड, किरकिर म्हणजे लोखंड, खुळखुळ म्हणजे काहीतरी सुटलंय, आणि घरघर म्हणजे आता थोडेच दिवस. माझी सगळी पदविका एवढीच. ती कागदावर कशी आणायची हे मला कधी कळलं नाही, म्हणून मी वह्याच नेल्या.

पण तुला सांगायची गोष्ट ही नाही. वह्या बांधता बांधता कारकूनबाई म्हणाल्या, "एक सांगू? ही जाहिरात मीच टाइप केली. सहा अटी जुन्याच होत्या. संगणकाची अट दुसऱ्या खात्याच्या जाहिरातीतून उचलली, कारण साहेब म्हणाले तिकडे आहे तर इकडेही असू दे. रुग्णालयाचा अनुभव एका डॉक्टरांनी बैठकीतून उठता उठता घातला. पदविका आणखी कोणीतरी. एकेक माणूस एकेक अट घालून चहाला गेला."

"आधीच्या प्रमुखांकडे होती पदविका?"

"छे! एकोणीस वर्षं होते ते. निवृत्त झाले तर आता सगळे गळा काढतात, तसा माणूस मिळत नाही म्हणून. आणि अटी अशा घालून ठेवल्या आहेत की तसा माणूस आला तर दारातूनच परत जाईल."

मी घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळवत होतो. तुझ्या आईने घर शोधताना अशीच यादी केली होती. भरपूर उजेड, शांतता, बाजार जवळ, गच्ची, शेजार चांगला. आणि राहिलो कुठे? छापखान्याच्या वर, बावीस वर्षं, दुपारी दिवा लावून. आज कोणी घर बदलूया म्हटलं तर ती त्याला जिन्यावरून ढकलून देईल. यादी करणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला काय हवंय हे तो अंदाजाने लिहीत असतो.

तुझ्या त्या आठ अटीही अशाच कोणीतरी चहाला जाता जाता लिहिलेल्या नसतील कशावरून? अठ्ठावीस तारखेपर्यंत मुदत आहे. (हेही दाराच्या अलीकडूनच कळलं.)

बाबा

१८ फेब्रुवारी, मंगळवार

टाचणी,

परवा गुरुवारी मुलाखत आहे. बोलावणं आलं. तिघांना बोलावलंय, त्यात मी. आईने पत्र तीनदा वाचलं, दुसऱ्या कोणाचं चुकून आलंय का ते बघायला.

तयारी म्हणून आज सकाळी तिने माझी मुलाखत घेतली. जेवणाच्या टेबलापलीकडे बसली, चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि म्हणाली, "बसा." मी बसलो तर म्हणाली, "मी सांगेपर्यंत बसायचं नाही."

"अगं, तूच म्हणालीस ना, बसा?"

"साहेबांशी वाद घालायचा नाही."

चार-पाच प्रश्न बरे गेले. मग तिने विचारलं, "तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक सांगा." मी सुरू केलं, एकदा एका इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली आणि मी आधी खालचं दार...

"कामातली नको," ती म्हणाली.

टाचणी, ती चष्म्यावरून बघत होती. एकतीस वर्षं झाली लग्नाला. तिने हा प्रश्न आजसाठीच राखून ठेवला होता की काय कोण जाणे. मी उठून पाणी प्यायलो. परत येऊन बसलो. तिने "बसा" म्हटलं नव्हतं तरी बसलो. आणि तिला जे सांगितलं ते आता तुला लिहितो, कारण पहिल्या पत्रात मी ते तसं लिहिलेलं नाही.

वस्तुसंग्रहालयातल्या बाईंनी फोनवर मला काहीही विचारलं नव्हतं.

तुझा फोन लागत नव्हता म्हणून त्यांनी घरच्या नंबरावर केला. म्हणाल्या, "त्या घरी आहेत का? सोमवारी मुलाखतीला बोलवायचं होतं." एवढंच. मी नुसतं "निरोप देतो" म्हटलं असतं तर काम झालं असतं. मी म्हटलं, "अहो, पण तिची दोन वर्षं पुरी नाहीत. चौदाच महिने झालेत." त्या म्हणाल्या, "असं का? बरं झालं सांगितलंत." फोन ठेवला. आणि मी तुला सांगितलं नाही. आठ दिवस तू टपालाची वाट बघितलीस आणि मी समोर बसून वर्तमानपत्र वाचलं. शेवटी तूच त्यांना फोन केलास आणि त्यांनी सांगितलं, तुमच्या वडिलांनीच कळवलं.

त्यानंतर मी सगळ्यांना सांगत आलो की मी खरं बोललो. खरं बोललो हे खरंच आहे. मी तुझे महिने कमी केले नाहीत.

का केलं, त्याची माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. एक मी स्वतःला देतो. बाविसाव्या वर्षी एका कारखान्याच्या फाटकावर मला पदविका नाही म्हणून रांगेतून बाहेर काढलं होतं, मागचे सगळे हसले होते, आणि तुझं तसं होऊ नये असं वाटलं. ऐकायला बरं आहे. दुसरं उत्तर असं, की ते वस्तुसंग्रहालय इथून दोन दिवसांच्या वाटेवर आहे आणि तू गेली असतीस तर संध्याकाळी घरी येऊन मी आज अमुक लिफ्ट कशी वाजत होती हे कोणाला सांगितलं असतं?

दुसरं खरं आहे.

आणि झालं काय? तू तरीही गेलीस. वस्तुसंग्रहालयात नाही, ड्रायक्लीनरच्या दुकानात, लोकांच्या कोटांची फाटकी अस्तरं शिवायला. ज्या हातांनी शिवलेलं मला भिंग घेऊनही सापडत नाही त्या हातांनी. हे मी केलं.

आई सगळं ऐकून उठली, चष्मा काढला आणि म्हणाली, "पास." मग स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांडी वाजत होती. आपटत होती की नुसतीच वाजत होती, ते मला कळतं. आपटत होती.

बाबा

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय टाचणी,

झाली मुलाखत. सगळं क्रमाने सांगतो, नाहीतर मी आधी शेवटच सांगून टाकेन.

बाहेर बाकावर आम्ही तिघे. एक टायवाला, एक बिनटायवाला आणि मी. दोघेही पदवीवाले, नऊच्या नऊ अटी खिशात. टायवाल्याने माझ्या पिशवीकडे बघून विचारलं, "तुम्ही कोणाबरोबर आलात?" मी म्हटलं, "स्वतःबरोबरच."

आत दोघं. रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरीणबाई आणि इमारत विभागाचे साहेब. बाईंनी अर्ज पुढे ओढला.

"तीन अटी पुऱ्या होत नाहीत तुमच्या."

"हो."

"तरी अर्ज केलात?"

"सहा होतात ना, म्हणून."

साहेबांना ते आवडलं नाही. बाईंना आवडलं की नाही कळलं नाही, त्यांचा चेहरा बंद दाराचा. त्या म्हणाल्या, "कागद पुरे. आमची चार नंबरची लिफ्ट थरथरते. स्ट्रेचरवरचा पेशंट वर नेताना हादरे बसतात, ताजे टाके असले की माणूस ओरडतो. तीन महिने झाले. दोन कंपन्या येऊन गेल्या. तिघांनाही अर्धा-अर्धा तास देते. सांगा काय झालंय."

टायवाला आधी गेला. त्याने देखभालीची फाइल मागवली, पान न पान वाचलं, सगळीकडे बरोबरच्या खुणा बघितल्या आणि सांगितलं, मोटर बदला. बिनटायवाल्याने सांगितलं, नियंत्रणाची पेटी बदला. मग मी.

मी एक स्टूल मागितलं, लिफ्टमध्ये ठेवलं आणि सगळ्यांना म्हटलं, "आता कोणी बोलू नका. साहेब, तुम्हीही." डोळे मिटून तीनदा वर, तीनदा खाली. अगं, काय सुंदर आवाज होता! निघताना बारीक "कुंईं", मग "धब्". कुंईं, धब्. डोक्याच्या वरून, अगदी टोकाकडून. सव्वीस वर्षांत शंभरदा ऐकलेला. मी उठलो आणि छाती काढून म्हणालो, "ब्रेक धरतोय. चला वर, मशीनरूम उघडा."

साहेब काहीतरी बोलणार होते. मी थांबलो कुठे? आठ मजल्यांचा जिना, वर दोन-दोन पायऱ्या गाळत गेलो. गच्चीचं दार ढकललं.

गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या. दोरीवर चादरी वाळत होत्या. कबुतरं होती. मशीनरूम नव्हती.

मागून साहेब धापा टाकत आले, त्यांच्यामागे डॉक्टरीणबाई. "अहो, मशीन तळघरात आहे! या इमारतीत मशीन खालीच बसवलंय!"

मी केलेल्या सगळ्या इमारतींत मशीन वर. खाली मशीन असलेली लिफ्ट मी कधी हातात धरलेली नाही. कानांनी वर म्हटलं, तोंडाने ब्रेक म्हटलं आणि पाय पळत सुटले. टायवाला जिन्याच्या तोंडाशी उभा होता. हसला. मोठ्याने नाही, नाकातून. बाविसाव्या वर्षीच्या त्या फाटकावर असंच हसले होते. खरं सांगतो, चादरीमागून खाली उतरून सरळ घरी जावंसं वाटलं. पिशवी न घेता. "जाऊ दे."

मग वाटलं, हे तर मी तुला लिहिणार आहे. काय लिहू?

मी डॉक्टरीणबाईंकडे वळलो. "ब्रेक चुकला. तोंड घाई करून बसलं. पण आवाज चुकलेला नाही, तो वरूनच येतोय. वर काय आहे?"

"वर काही नाही," साहेब म्हणाले. "दोन कप्प्या आहेत फक्त. मशीनपासून दोर वर येतो, कप्प्यांवरून वळतो आणि खाली लिफ्टला बांधलेला असतो."

"त्या कप्प्यांना ग्रीस शेवटचं कधी घातलं?"

साहेबांनी फाइल उघडली. मोटर, खूण. ब्रेक, खूण. दारं, खूण. नियंत्रण, खूण. पान उलटलं, परत उलटलं. कप्पी हा शब्दच कुठे नव्हता. मशीन वर असणाऱ्या लिफ्टची छापील यादी कोणीतरी आणून लावली होती. दर महिन्याला लोक सगळ्या खुणा करत होते आणि ज्या दोन चाकांवर पेशंट लटकत होता त्यांच्याकडे कोणी जात नव्हतं, कारण ती यादीत नव्हती.

टाकीमागची लोखंडी झडप उघडायला लावली. लिफ्ट बंद करून आत उतरलो, पहिल्या कप्पीच्या आसाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं, मूठ कानाला, आणि साहेबांना म्हटलं, खाली सांगा, बोटभर चालवा, हळू. खर्र. दुसऱ्या कप्पीला लावलं. गप्प, गुळगुळीत. परत पहिली. खर्र, खर्र, धब्. बेअरिंग कोरडं होऊन एका बाजूने खाल्लं गेलं होतं.

बाईंना बोलावलं. त्या पांढऱ्या कोटासकट झडपेत वाकल्या. मी स्क्रूड्रायव्हरची मूठ त्यांच्या कानाला लावली.

"ऐकू येतंय?"

त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हृदयाची अशी झडप मी ऐकलेली आहे."

त्यांनी "कळवतो" म्हणून सांगितलं. सगळ्यांनाच सांगतात. पण मी परत येताना जिना न उतरता पाच नंबरच्या लिफ्टने खाली आलो, आणि टाय असता तर सैल केला असता.

बाबा

२६ फेब्रुवारी, बुधवार

टाचणी! टाचणी! टाचणी!

मिळाली.

आज सकाळी कारकूनबाईंचाच फोन आला. कार्यालयीन भाषेत सुरुवात केली, "आपणांस कळविण्यात येते की," आणि मग त्यांनाच राहवलं नाही. "काका, झालं तुमचं!" मागे कोणीतरी त्यांना रागावलं, बहुतेक साहेब.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." मी म्हटलं, "तू तर म्हणत होतीस, कशाला करताय?" ती म्हणाली, "तेही मला माहीत होतं." मग खाली छापखान्यात जाऊन सगळ्यांना सांगून आली, वर येताना वरच्या मजल्यावरच्या बाईंनाही, त्या या वेळी दार सताड उघडून उभ्या होत्या.

दुपारी कागद आणायला गेलो. डॉक्टरीणबाईंना विचारलं, दोघांकडे नऊ होत्या, मला का? त्या सही करत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "नऊ-नऊ अटीवाले दोघंही आवाजामागे गच्चीवर गेले नाहीत." मग म्हणाल्या, "आणि तुम्ही चुकल्यावरही तिथेच उभे राहिलात. माझ्या इथे ही अट जाहिरातीत घालायला हवी." संगणक तीन महिन्यांत शिकायचा आहे. कारकूनबाई शिकवणार. त्यांनी पहिलीच तंबी दिली आहे, "काका, इथे 'चुकचुकते' असं लिहायचं नाही." बघू. चुकचुकते ती चुकचुकते.

आता दुसरं. परवा शुक्रवारी तुझी मुदत संपते.

अर्ज कर, असं मी सांगणार नाही. तो हक्क मी त्या फोनवर घालवला. पण काल बसून वस्तुसंग्रहालयाला एक पत्र लिहिलं, तीन वर्षांपूर्वी मी काय केलं आणि का केलं ते, स्वच्छ. टपालात टाकायला निघालो तर आईने दारात हात आडवा घातला. "परस्पर? परत परस्पर? एकदा केलंत तेवढं पुरे." बरोबर होतं तिचं. मी निघालोच होतो बघ! सुधारणा अशी पायांपर्यंत पोचायला वेळ लागतो.

म्हणून ते पत्र या पाकिटात ठेवतोय, न चिकटवता. वाच. अर्ज केलास तर जोड, नको असेल तर जोडू नकोस, फाड, बटणांच्या डब्यात ठेव. ते तुझं आहे. उद्या गुरुवार. तुझा फोन येईल तेव्हा मी घरात नसेन. फिरायला जाईन, लांब. ऐकू येणार नाही इतका.

हे पत्र साध्या टपालाने वेळेत पोचणार नाही, म्हणून मोटारीने तुझ्याच गावाला निघालेल्या छापखान्याच्या मालकाच्या हाती देतोय. ते उद्या सकाळी तुझ्या दुकानात आणून देतील. फार बोलतात. पाणी विचारू नकोस, बसतील.

बाबा

१० एप्रिल, गुरुवार

माझ्या टाचणीस,

तुझ्या अक्षरातलं पाकीट काल आलं. माझ्या नावाचं. मी ते कामावर घेऊन गेलो, फोडलं नाही, दिवसभर खिशात ठेवलं. सहा आठवडे दर गुरुवारी मी फिरायला जात होतो, माझे गुडघे गेले, आणि मी घरी आल्यावर आई एक अक्षर सांगत नव्हती. "तुमच्यासाठी असेल तर ती तुम्हाला सांगेल." इतकी घट्ट बाई मी दुसरी पाहिली नाही.

संध्याकाळी कामावरून निघण्याआधी फोडलं, तळघरात, मशीनच्या शेजारी स्टुलावर बसून. तुझं पत्र अकरा ओळींचं. मी ते इतक्यांदा वाचलं की न बघता लिहू शकतो, तरी एकदा माझ्या हाताने लिहून बघतो.

तू म्हणतेस, अर्ज सत्तावीसलाच पाठवला. तुमचा कागद जोडला नाही, गरज वाटली नाही, पण ठेवला आहे. मुलाखतीला आणखी पाचजण आले होते, सगळे पदवीवाले. तू परीक्षकांसमोर टेबलावर एक जुना लोकरी कोट ठेवलास आणि म्हणालीस, याला मी सात ठिकाणी शिवलं आहे, शोधा. त्यांनी भिंगं काढली. वीस मिनिटं शोधलं. एकाला एक जागा सापडली. ती मूळ शिंप्याची निघाली.

वाचून मी इतका मोठ्याने हसलो की वरून कोणीतरी विचारलं, "काय वाजलं?"

निवड झाली. एक मेपासून रुजू. टाचणी, माझी पोर जुन्या काळच्या लोकांचे कपडे नीट करणार, काचेमागे ठेवणार, आणि लोक रांगा लावून बघणार आणि कोणालाच कळणार नाही कुठे शिवलंय! मी वर आलो आणि पहिल्या लिफ्टमध्ये शिरलो. एक परिचारिका होती, तिला सांगितलं. चौथ्या मजल्यावर प्लास्टरमधला एक माणूस चढला, त्याला सांगितलं. त्याने अभिनंदन करायला न मोडलेला हात पुढे केला. आठव्यावर पोचलो, तिथून परत खाली, नवीन माणसं, परत सुरुवातीपासून. अकराच्या अकरा लिफ्टची तपासणी काल दोनदा झाली. साहेबांनी विचारलं, "काही बिघाड आहे का?" मी म्हटलं, "नाही. सगळ्या गाताहेत." अहवालात तसंच टाइप केलंय, दोन बोटांनी. कारकूनबाईंनी तेवढं वाक्य राहू दिलं.

आता तुझ्या शेवटच्या दोन ओळी. "वीस तारखेला, रविवारी, खोली सोडते आहे. शिलाई मशीन जड आहे, तिसरा मजला आहे, इमारतीला लिफ्ट नाही. जमलं तर या."

तीन वर्षं तू लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतेस आणि लिफ्टवाल्या तुझ्या बापाला हे आज कळतंय. किती पायऱ्या आहेत हे मला माहीत नाही. जिना वळतो कुठे, अंधार आहे का, कठडा हलतो का, काही माहीत नाही.

जमलं तर? रजा टाकली. पहिलीच रजा, साहेबांनी कारण विचारलं, "कौटुंबिक" लिहिलं. आईने दोरखंड काढून ठेवलाय आणि मला ताकीद दिली आहे की मुलीला शहाणपणा शिकवायचा नाही, मशीन कसं बांधायचं हेसुद्धा तीच सांगेल. कबूल. मी फक्त उचलणार. जड बाजू माझी.

रविवारी सकाळी आठ वाजता तुझ्या इमारतीखाली उभा असेन. हाक मारणार नाही, शेजाऱ्यांना त्रास नको. तू खिडकीतून बघ. वर या म्हणालीस तर वर येईन.

तुझा,
बाबा